रंगपट : सावळ्या चेहऱ्यावर राखाडी थर का बसतो?

(नाटक, चित्रीकरण आणि एकूणच कलेच्या धंद्यातल्या प्रश्नांना धुळ्याचे जुने रंगभूषाकार ‘आप्पा’ यांची उत्तरं. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : आप्पा, मी धडगाव तालुक्यातली, पावरा समाजाची. बी.ए. करता करता अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओत नाचते. मला कायम मागच्या ओळीत उभं करतात. मेकअपवाला नायिकेचं उरलेलं फाउंडेशन मला फासतो, मग स्क्रीनवर तोंड राखेसारखं आणि हात काळे दिसतात. मागच्या शूटिंगला नाल्याकाठी बघायला अख्खा गाव जमला होता. सगळ्यांसमोर दिग्दर्शक ओरडला, “त्या भिल्लीणीला मागं घ्या रे, फ्रेम काळी होते.” लोक हसले. मला काम सोडायचं नाही, पण हे सहनही होत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी चेहऱ्याचं सांगतो, कारण ते माझं काम. ओरडणाऱ्याकडे नंतर येऊ.

राख का दिसते ते बघा. उजळ फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी भरपूर असते. आपल्या कातडीला पिवळी-तांबूस झाक असते. तिच्यावर गुलाबी झाकेचा, दोन-तीन नंबर उजळ थर बसला की खालचा तांबूसपणा मरतो आणि वरचा गोरेपणा काही खरा वाटत नाही. मधल्यामध्ये राखाडी रंग तयार होतो. त्यावर पांढरी पावडर थापायची आणि समोरून एलईडीचा झोत मारायचा, म्हणजे उरलंसुरलं रक्तही चेहऱ्यावरून पळतं. जुन्या नाटक मंडळ्यांत सफेदा, पिवडी आणि हिंगूळ घोटून रंग करत. सफेदा जास्त पडला की तिथंही हेच व्हायचं, पण घोटणारा निदान नटाकडे बघून घोटायचा. उरलेला रंग दुसऱ्याच्या तोंडाला लावणं ही रंगभूषा नव्हे, डबा संपवणं आहे.

तेव्हा स्वतःची छोटी पेटी करा. दोन शेड पुरतात : एक तुमच्या कातडीला मिळणारी आणि एक तिच्याहून किंचित गडद. दुकानात शेड मनगटावर बघू नका. जबड्यापासून मानेपर्यंत दोन-तीन रेघा ओढा, दुकानाबाहेर उन्हात या आणि आरशात बघा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. डोळ्यांखाली पांढरं कन्सीलर नको, आधी नारिंगी करेक्टरचा हलका हात फिरवा. पावडर पिवळसर घ्या. मान, कान आणि हाताचे पंजे विसरू नका. आपल्याकडचा दुकानदार म्हणेल, “गडद शेड चालत नाही, आम्ही ठेवतच नाही.” त्याला मागवायला सांगा. मागणारे दिसले की ठेवायला लागतात.

आता ‘फ्रेम काळी होते’ याबद्दल. तुमच्यामुळे फ्रेम काळी होत नाही. कॅमेरावाल्याने उजेडाचं माप नायिकेच्या चेहऱ्यावरून घेतलं, तिला बेतशीर उजेड दिला आणि तुम्हाला सावलीत टाकलं, म्हणून ती काळी होते. सावळा चेहरा उजेडाच्या थोडा जवळ घ्या, बाजूला थर्माकोल धरून उजेड परतवा, गालाच्या हाडावर तेलाचं बोट फिरवा. तो असा उठून दिसतो की गोरा चेहरा शेजारी सपाट वाटावा. मोबाइलवर शूटिंग असेल तर ‘ब्युटी मोड’ बंद करायला सांगा. तो न विचारता सगळ्यांना उजळ करून टाकतो.

आणि हा प्रकार धडगावात जन्मलेला नाही. पूर्वी फोटोच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड असायचं. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर, असा हिशेब. काळ्या माणसांचे चेहरे अंधारात जातात, नुसते दात आणि डोळे दिसतात, ही तक्रार जुनी होती. पण फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने गडद रंगांकडे लक्ष दिलं त्यात मोठा हात होता चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा, कारण जाहिरातीत त्यांच्या मालातले तपकिरी रंग वेगळे दिसत नव्हते. गोरी, काळी आणि आशियाई अशा तिघी बायका असलेलं कार्ड यायला 1990चं दशक उजाडलं. म्हणजे यंत्र कुणाच्या चेहऱ्यावर बेतलं होतं ते कळलं ना? तुमच्या कॅमेरावाल्याला हे सांगून बघा. भला असेल तर ऐकेल.

आता तो दिग्दर्शक. तुम्ही अनुसूचित जमातीच्या आहात. लोकांच्या देखत जमातीचं नाव घेऊन हिणवणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र बोलणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. नाल्याकाठी गाव जमलेलं होतं, त्यामुळे ‘लोकांच्या देखत’ यावर वाद घालणं त्याला जड जाईल. बंद खोलीत कुणी नसताना बोलला असता तर गोष्ट वेगळी होती. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, तेव्हा “आधी चौकशी करू” म्हणून पोलिसांनी परत पाठवलं तर तसं सांगा. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. मदतीसाठी 14566 हा फोन नंबर आहे.

तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवा, मी धुळ्यात बसून ठरवणार नाही. पण एक गोष्ट आजच करा : तारीख, जागा, त्याचे नेमके शब्द आणि तिथे कोण कोण होतं हे वहीत लिहून ठेवा. कुणी मोबाइलवर ‘पडद्यामागचं’ चित्रीकरण करत असेल तर ती क्लिप मागून घ्या. शूटिंगला असा एक पोऱ्या असतोच. आणि पुढचं काम घेण्याआधी निर्मात्याला व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी विचारा : उभं कुठे करणार, मेकअप कोण करणार, पैसे किती आणि कधी. तोंडी नको. लेखी विचारलेल्या प्रश्नाला माणूस जरा शुद्धीवर राहून उत्तर देतो.

प्रश्न : आम्ही अमळनेरची हौशी मंडळी. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी नर्मदेच्या विस्थापितांवर नाटक बसवतोय. आदिवासी पात्रं करणाऱ्या मुलांना गडद तपकिरी बेस, डोक्याला पिसं, अंगावर पांढरी नक्षी असा विचार आहे. रंगभूषेच्या बक्षिसाचीही आशा आहे. पण आमच्या प्रकाशयोजनेवरचा मुलगा, तो भिल समाजाचा, म्हणाला, “असं केलं तर मी दिवे लावणार नाही.” नटाने कुठलीही भूमिका करू नये का मग? रंग लावणं हा तर नाटकाचा धर्मच आहे.

उत्तर : दादा, नटाने कुठलीही भूमिका करावी. रंगही लावावा. मी आयुष्यभर तेच विकलं. पण तुम्ही पात्राला रंग लावत नाही, समाजाला लावताय. म्हातारा करायचा तर मी कपाळावर कुठे आठी पडते ते शोधतो. रोगी करायचा तर डोळ्यांखालची निळसर झाक. ‘आदिवासी’ करायचा म्हणून सगळ्यांना एका डब्यातला तपकिरी, यात शोधलं काय? धडगावच्या बाजारात जाऊन उभे राहा, एकाच घरातल्या तीन माणसांचे तीन रंग दिसतील. तुमच्या अमळनेरातही दिसतील, पण तिथे तुम्ही कुणाला रंग फासायला निघालेला नाहीत.

आपण दाढीचे खुंट दाखवायला जळकं बूच वापरतो ना, तेच तोंडाला फासून एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गोरे नट ‘काळा माणूस’ व्हायचे आणि तो कायम आळशी, बावळट, नाचरा दाखवायचे. तिकिटं भरपूर खपायची. ब्रिटनमध्ये बीबीसीने याच जातीचा गाण्यांचा कार्यक्रम 1958 ते 1978 एवढी वर्षं चालवला, आणि हरकत घेणाऱ्यांना उत्तर हेच मिळायचं की लोकांना आवडतो. तुमच्या मनात तसं काही नाही हे मी धरून चालतो. तरी तपकिरी रंगातला मुलगा रंगमंचावर आला की पहिल्या रांगेतून खसखस पिकेल, आणि ती विस्थापनावर नसेल.

पिसं आणि नक्षी पण काढा. मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगावरची नक्षी हा होळीचा साज आहे, नवसाचं व्रत पाळणाऱ्यांचा. त्यात कुणी तलाठ्याकडे जमिनीचा कागद मागायला जात नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यातली पुष्कळ माणसं तळोदा-शहाद्याच्या बाजूला पुनर्वसन वसाहतींत राहतात. अमळनेरहून एका दिवसात जाऊन येता येतं. जा, बसा, चहा घ्या. पुरुष शर्ट-पँटमध्ये दिसतील, बायकांच्या अंगावरचं चांदीचं काम जवळून बघा, ते विकायची पाळी कधी आली ते विचारा. हातांकडे बघा : नखं, भेगा, मातीचा रंग कुठे मुरतो आणि कुठे नाही. बक्षीस हवं असेल तर हात रंगवा. परीक्षकाला थर दिसला की गुण देतो हा आपल्या हौशी मंडळींचा फार जुना गैरसमज आहे.

पण माझा खरा प्रश्न दुसराच आहे. भिलांवरच्या नाटकात तुमच्याकडचा एकुलता भिल मुलगा दिव्यांवर का? त्याला वाचनाला तरी बोलावलं होतं का? शहाद्याकडचे भिल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे, ती तालमीच्या पहिल्या दिवशी मोठ्याने वाचा. स्टेजवर भलतेच लोक बसून आदिवासींचं दुःख सांगतात आणि ज्यांचं ते दुःख, ते खाली बसून ऐकतात, असा तिचा मामला आहे. त्या मुलाला संहिता द्या, बोलीचे संवाद त्याच्याकडून तपासून घ्या, त्याचं मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव त्याच कामासाठी छापा. दिवे लावायला दुसरा कुणी मिळेल.

प्रश्न : आप्पा, तुमच्या सदरात हल्ली रंग, जात, आदिवासी हेच फार. वंशवाद हा गोऱ्या-काळ्यांचा, अमेरिकेतला प्रश्न. आपल्याकडे कलावंताची जात कोण विचारतो? — निवृत्त मुख्याध्यापक, जळगाव

उत्तर : सर, अमेरिकेचंच आधी घेऊ. हॅटी मॅकडॅनियल या काळ्या नटीला 1940 साली ऑस्कर मिळालं, मोलकरणीच्या भूमिकेसाठी. समारंभ होता त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. तिच्यासाठी शब्द टाकावा लागला, आणि आत घेऊनही तिला सहकलाकारांपासून लांब, वेगळ्या छोट्या टेबलावर बसवलं. अभिनयाचं ऑस्कर दुसऱ्या काळ्या बाईला मिळायला 1991 साल उजाडलं. प्रमुख भूमिकेसाठी तर 2002.

आता आपल्याकडे. पहिल्या मल्याळम मूकपटाची नायिका पी. के. रोझी दलित होती. पडद्यावर तिने नायर घरातली बाई केली. सुमारे 1930 सालचा तो खेळ तिरुवनंतपुरमला लागला तेव्हा प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले, तिला गाव सोडून पळावं लागलं आणि ती पुन्हा कधी पडद्यावर दिसली नाही. कुणी तिची जात विचारली नव्हती हे खरं. त्यांना माहीतच होती.

रंगाचं म्हणाल तर ‘फेअर अँड लव्हली’ 1975 पासून आपल्या घराघरात आहे, नावातला ‘फेअर’ जायला 2020 उजाडलं. सावळ्या मुलीला दुःखी, बेकार, नाकारलेली दाखवू नका, असा नियम जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या संस्थेला 2014 मध्ये करावा लागला. नसती कुणी दाखवत तर नियम कशाला लागला असता? आणि एवढं लांब जायचं नसेल तर जळगावातल्या कुठल्याही लग्नाच्या अल्बमवाल्याकडे जा. नवरी कशीही असो, अल्बममध्ये सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या निघतात. नवरदेव मात्र आपापल्या रंगाचे.

कुणाच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही, सर. मेकअपच्या पेटीत किती शेड आहेत ते दिसतं, आणि भूमिकांची यादी वाचता येते. मी तेवढ्यावरच लिहितो. तेवढंच फार निघतं, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : आप्पा, शिरपूरच्या शिबिरात तुमच्याकडून मिशी चिकटवायला शिकलेला मुलगा मी. आता पुण्यात आहे. मालिकांत मला गडी, चोर किंवा रिक्षावाला यापुढे काही मिळत नाही. ऑडिशनला अहिराणी वळण ऐकलं की “तसंच बोल, मजा येते” म्हणतात. शिवाय आडनावावरून लगेच कळतं. आडनाव गाळून वडिलांचं नाव लावू का?

उत्तर : काय चाली ऱ्हायनं भाऊ? मिशी अजून चिकटते ना?

आडनावाचं मी सांगणार नाही, ते तुझं आहे. काहींनी गाळलं, काही मुद्दाम ठळक छापतात, दोघांचीही कारणं मला पटतात. एवढं बघ की करारावर आणि बँकेत कागदोपत्री नाव राहू दे, आणि श्रेयनामावलीत कुठलं नाव यावं ते त्याच करारात लिहून घे. नाहीतर पैसे अडकतात. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्याने रंग किंवा वंशावरून सहसा काम नाकारता येत नाही. आपल्याकडे खासगी कामाला सरसकट लागू होईल असा एक कायदा नाही, त्यामुळे “आडनाव बघून मला घेतलं नाही” हे कोर्टात सिद्ध करायला बसलास तर उमेदीची वर्षं जातील.

बोलीचं मात्र सांगतो. नमुन्याचा व्हिडिओ नव्याने कर. त्यात एक तुकडा प्रमाण मराठीत, स्वच्छ. दुसरा अहिराणीत, पण विनोदी नको. बापाला अग्नी देऊन आलेला मुलगा भावाशी वाटणीवरून बोलतोय, असं काहीतरी. अहिराणीत माणूस रडतो, भांडतो, पोरीला लग्नाचं विचारतो, हे त्या मंडळींच्या कानावर कधी पडलेलंच नाही. त्यांना ती फक्त चहा आणून देताना ऐकू येते.

आणि अजून एक. सेटवर लेखक म्हणतो ना, “अरे हे तुझ्या भाषेत करून घे जरा”? ते लेखनाचं काम आहे. तू दहा वाक्यं फिरवतोस, ती तिथेच राहतात, पैसे त्याला मिळतात. पुढच्या वेळी हसत हसत म्हण, करतो, संवाद साहाय्याचे किती? पहिल्यांदा कुणी देणार नाही. पण फुकट मागणं कमी होईल.

प्रश्न : मी शहाद्याचा छायाचित्रकार. सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला दरवर्षी जातो, फोटोंची प्रदर्शनं आणि कॅलेंडरं करतो. यंदा फोटोतल्या एका मुलाने निरोप पाठवला, “माझा फोटो विकू नका.” सार्वजनिक उत्सवातला फोटो माझाच ना?

उत्तर : फोटोचा कॉपीराइट तुमचा, त्यात वाद नाही. व्हिडिओ विकत असाल तर मात्र जपून. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलाकार’ म्हणून नट-गायकांच्या बरोबरीने नर्तक, डोंबारी, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा मोजलेला आहे, आणि त्याच्या सादरीकरणावर त्याचा हक्क पन्नास वर्षं राहतो. उत्सवात नाचणारा मुलगा त्यात कसा बसतो हे वकिलाला विचारा, मला विचारू नका.

मी तुमचं मागचं कॅलेंडर पाहिलंय. फोटो उत्तम, पहाटेच्या होळीचा उजेड तर असा पकडलाय की मत्सर वाटावा. पण बारा पानांवर बारा माणसं आणि नाव एकाचंही नाही. खाली ‘निसर्गपुत्र’, ‘आदिम लय’, ‘सातपुड्याचं हास्य’. एका पानावर तुमच्या प्रायोजक सराफाचा फोटो आहे, त्याखाली त्याचं नाव, दुकान, फोन, सगळं आहे. यंदा जाताना वही न्या. नाव, गाव आणि नंबर घ्या, कॅलेंडरात छापणार आणि विकणार हे आधी सांगा, विक्रीतला वाटा ठरवा आणि प्रत्येकाला प्रिंट नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर नको. आणि ज्याने निरोप पाठवलाय त्याचं पान काढून टाका, छपाई झाली असली तरी.